होय सोडून बाकी सगळ्या

फोन वाजला तेव्हा अक्षदा आसनगावच्या घरात, दुसऱ्या मजल्यावर, खिडकीपाशी परात घेऊन तांदूळ निवडत बसली होती. तांदूळ माहेरचा, टोकावड्याहून आलेला, यंदाच्या भाताचा. आई तो गिरणीतून आणला की तसाच पाठवायची, खड्यांसकट, आणि वर म्हणायची, "खडे पन आपल्याच शेतातले हायेत गो." शनिवारची सकाळ होती, नवरा कामाला गेला होता, आणि अक्षदा कुणापाशी कबूल करायला लाजली असती इतकी खुशीत होती. कालच तिने नोकरी सांभाळून केलेला नवा प्रोग्रॅम चालू झाला होता. मुरबाडच्या एका जुन्या संस्थेच्या दवाखान्याची सगळी रेकॉर्ड्‌स तिने जागोजागी ठिगळं लावलेल्या जुन्या प्रोग्रॅममधून उचलून नव्या वेब फ्रेमवर्कमध्ये, म्हणजे प्रोग्रॅमच्या तयार सांगाड्यात, नेऊन बसवली होती, आणि वाटेत एकही सांडलं नव्हतं. तिने दोनदा मोजून पाहिलं होतं. आता खडे काढताना ती मनातल्या मनात स्वतःचं कौतुक करत होती, आणि कौतुक करणारं दुसरं कुणी घरात नसल्यामुळे ते जरा सढळ हाताने चाललं होतं.

फोन चंद्रकलाताईंचा होता. संस्थेचं सिद्धगडाच्या बाजूला एक छोटं केंद्र आहे, तिथल्या त्या नर्स; शनिवारी मात्र मुरबाडच्या दवाखान्यात असत. नमस्कार-चमत्कार त्यांच्या स्वभावात नव्हताच. "अक्षदा, अगो गाडीला आज कुनाची नावं दिलीस? भगीरथ तीनच बाया घेऊन आला. दर शनवारी गाडीत पाय ठेवाया जागा नसते."

"तीनच असतील मग," अक्षदा म्हणाली. "यादी आता आपोआप निघते, ताई. भगीरथदादांच्या मोबाइलवर जाते."

"आपोआप निघते ना? मग जिवली कुठंय?"

परातीतलं बोट जिथल्या तिथे थांबलं. जिवली तिच्या शाळेतली. टोकावड्याच्या शाळेत चौथीपर्यंत एका पट्टीवर बसलेली, मग लग्न होऊन गडाखालच्या वाडीत गेलेली. तिच्या पहिल्या बाळंतपणाची गोष्ट अक्षदाला आईने सांगितली होती: रात्री कळा सुरू झाल्या, वाडीपर्यंत गाडी येईना, चार माणसांनी झोळी करून तिला उतरवलं, उजाडता उजाडता रस्ता आला, पण मूल राहिलं नाही. या वेळी मूल पायाळू होतं, पाय खाली आणि डोकं वर. डॉक्टरांनी बजावलं होतं की कळा सुरू व्हायच्या आत ही बाई इथे दवाखान्यात पाहिजे, वाटेत नको, घरी तर नकोच. त्यासाठीच संस्थेची गाडी दर शनिवारी गडाखालच्या पाड्यांतून फिरायची. दिवस भरत आलेल्या बायकांना आणायची, आणि त्या मोकळ्या होईपर्यंत दवाखान्यातच राहायच्या. ज्यांच्या घरी गाडी आहे त्या आपल्या आपण येत. ज्यांच्याकडे नाही त्यांची नावं यादीत येत. इतकी साधी गोष्ट होती.

"मी सोता सांगितलेलं तिला," चंद्रकलाताई म्हणाल्या, "शनवारी सकाळी वळनावर येऊन उभी राय, गाडी थांबल. भगीरथ वळनावरून गेलाच नाय. बोलतो, मोबाइलवर तिथलं नावच नव्हतं. आता धाडलाय परत. पन तिकडं फोन लागत नाय, तुला ठाव हाय. तू एवढं बघ, अजून कोन कोन रायलंय. मला तोंडपाठ किती असनार गो?"

फोन बंद झाल्यावर अक्षदा परात तशीच ठेवून लॅपटॉपपाशी गेली. बोटांना तांदळाचा पांढरा भुरका होता, तो कीबोर्डला लागला. यादी उघडली. तीन नावं. तिन्ही मुरबाडच्या अलीकडची. गडाखालचं एकही नाही. हे काल तिच्या नजरेस पडलं होतं का? पडलं होतं. यादी आली, सुबक दिसली, तिने लॅपटॉप मिटला. छोटी यादी बघून तिला उलट बरं वाटलं होतं, की चला, यंदा बऱ्याच घरांत गाड्या आल्या. स्वतःची ही समजूत आता आठवून तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. गडाखाली गाड्या आल्या म्हणे. रस्ता आला नाही, फोन लागत नाही, आणि गाड्या आल्या.

तिने जिवलीचं रेकॉर्ड शोधलं. ते होतं. म्हणजे सांडलेलं काही नव्हतं, आणि हे जास्त वाईट होतं. सांडलेलं असतं तर जुन्या प्रोग्रॅमला दोष देता आला असता. जिवलीचं नाव बरोबर, वाडीचं नाव बरोबर, तारीख बरोबर, मूल पायाळू असल्याची नोंदही बरोबर. घरी गाडी आहे का, या प्रश्नापुढे उत्तर होतं, तेही बरोबर. तिने ते वाचलं, पुढे गेली, परत आली, परत वाचलं. गाडी नव्हती. यादीच्या अटी तीन: दिवस भरत आलेले असावेत, गाव आपल्या भागातलं असावं, घरी गाडी नसावी. जिवली तिन्हींत बसत होती. मग फ्रेमवर्क तिला का गाळत होतं? अक्षदाने तारखा उलटसुलट करून पाहिल्या. गावाची अट काढून पाहिली. पुन्हा तीनच नावं. पुन्हा त्याच तिघी. तिला त्या तिघींचा राग यायला लागला, जणू त्याच दार अडवून बसल्या होत्या.

आणि या सगळ्या वेळात डोळ्यांपुढे वळण होतं. तिने ते एकदाच पाहिलं होतं, जिवलीच्या लग्नाला गेली तेव्हा. डांबर संपतं तिथे एक आंब्याचं झाड, खाली बसायला दगड, वर गडाचा काळा कातळ. भगीरथला तिथे पोचायला तासभर तरी लागणार. त्या दगडावर जिवली पहाटेपासून बसली असणार, पोट दोन्ही हातांत धरून. गाडी येत नाही म्हणून वैतागून वाडीकडे चढ चढायला लागली असेल तर? चढाने कळा सुरू झाल्या तर? काल जी रेकॉर्ड्‌स मोजून ती खूश झाली होती त्यांतली एक ओळ आत्ता त्या दगडावर बसली होती, हा विचार तिला सहन होईना. ऑफिसमध्ये चूक झाली की कुणाचं तरी बिल चुकतं, कुणाला तरी दोन ईमेल जातात, आणि आपण सॉरी लिहून जेवायला जातो. जिवलीला सॉरी कुठे लिहायचं?

या कामाची सुरुवात किती मजेची होती. जुन्या प्रोग्रॅममध्ये डेटाबेसला प्रश्न विचारायचा तर लांबलचक क्वेरी हाताने लिहावी लागे, आणि ती कुणा पंकज नावाच्या माणसाने पूर्वी कधीतरी लिहून ठेवलेली होती, अवतरणचिन्हांचा नुसता रानटी वेल. नव्या फ्रेमवर्कमध्ये तसं नव्हतं. इथे सगळं माणसाशी बोलल्यासारखं. बायका, असं म्हणायचं, पुढे टिंब द्यायचं, पुढे फिल्टर, आणि कंसात काय हवं ते. आठवडाभर ती संध्याकाळी घरी आल्यावर फिल्टर करून बघत बसायची, पोरं नव्या खेळण्याशी बसतात तशी. या गावच्या दाखव, दाखवल्या. यातल्या पहिलटकरणी दाखव, दाखवल्या. ओळीला ओळ जोडत जावं आणि फ्रेमवर्कने निमूट ऐकावं. पंकजच्या एका क्वेरीपाशी मात्र ती थबकली होती. त्याने गाडीची अट वाकडी लिहिली होती: घरी गाडी आहे का, याचं उत्तर ज्यांनी 'होय' दिलेलं नाही त्या सगळ्या. होय सोडून बाकी सगळ्या. हा काय द्राविडी प्राणायाम, असं म्हणून ती हसली होती. गाडी नसलेल्या हव्यात ना, मग सरळ म्हण की, उत्तर 'नाही' असलेल्या. तिने ते सरळ केलं. मुरबाडच्या ऑफिसातली शंभरेक रेकॉर्ड्‌स घेऊन तपासलं. दोन्ही याद्या तंतोतंत जुळल्या. वाकडं सरळ केल्याचं समाधान वेगळंच असतं, त्या रात्री तिला झोपही छान लागली होती.

भगीरथचा फोन तिने लावून पाहिला. लागला नाही. म्हणजे तो फोन लागत नाही त्या पट्ट्यात शिरला होता, ही एका अर्थी चांगली खूण होती, पण चांगल्या खुणेने तिचं काही भागेना. ती उठली, पाणी प्यायली, पुन्हा बसली, पुन्हा जिवलीचं रेकॉर्ड उघडलं. पुन्हा ओळीने वाचलं. सगळं बरोबर. कुठे काही चुकलेलं नाही. मग चुकतंय कुठे?

"नाय, नाय, नाय," ती मोठ्याने म्हणाली. "असं होनार नाय."

घरात कुणी नव्हतं, म्हणून तो आवाज तिचा तिलाच नीट ऐकू आला. तिने कान टवकारले, कुणी दुसरंच बोलल्यासारखं. मग तिने अगदी हळू, भीतभीत पडद्याकडे पाहिलं. घरी गाडी आहे का? आणि पुढे चंद्रकलाताईंनी टाइप केलेलं उत्तर, जे ती सकाळपासून पाच-सहा वेळा वाचून पुढे गेली होती.

नाय.

कुणी पुण्याकडचं असतं तर त्याला पहिल्या नजरेत खुपलं असतं. हे काय लिहिलंय, असं त्याने विचारलं असतं. अक्षदाचा डोळा त्यावर अडखळलाच नव्हता. डोळ्याने वाचलं 'नाय', मनाने घेतलं 'नाही', आणि दोघांत काही अंतर आहे हे कुणाच्या गावीही नव्हतं. फ्रेमवर्कच्या मात्र होतं. ते बिचारं सांगितल्या शब्दाला जागलं होतं: 'नाही' असलेल्या आण. त्याने तीन आणल्या, ज्यांचं उत्तर मुरबाडच्या ऑफिसातल्या शिकलेल्या ऑपरेटरने टाइप केलं होतं. चंद्रकलाताई बायकांना विचारत, बायका सांगत, आणि त्या सांगतील तसं ताई टाइप करत. गडाखाली कुणी 'नाही' म्हणतच नाही.

तिने हसावं की रडावं हे ठरेपर्यंत दोन्ही झालं. मग तिने तो अख्खा रकाना उघडला, वेगवेगळी उत्तरं किती आहेत ते बघायला, आणि बघतच राहिली. नाय. नाई. न्हाय. नाय बा. बैलगाडी हाय. दिराची हाय, तो देत नाय. होती, विकली. नवऱ्याची हाय पन तो पितो. एका ठिकाणी नुसतं, कशाला? सगळी वाडी त्या रकान्यात येऊन आपापल्या दारात उभी राहून बोलत होती, आणि तिच्या सरळ ओळीने त्या सगळ्यांना घरी धाडलं होतं. पंकजने हे पाहिलं असणार, किंवा नुसता आळस केला असणार, देव जाणे. पण होय सोडून बाकी सगळ्या, या वाकड्या अटीत बैलगाडीवालीही बसत होती आणि पिणाऱ्या नवऱ्याचीही. अक्षदाने फिल्टरची ती ओळ खोडली. फ्रेमवर्कमध्ये वगळण्यासाठी वेगळा शब्द आहे, तो लिहिला, कंसात 'होय' ठेवलं. पडदा क्षणभर कोरा झाला आणि मग नावांनी वरपासून खालपर्यंत भरला. जिवली वरून चौथी होती.

यादी चंद्रकलाताईंना गेली. लगेच त्यांचा आवाज आला, रेकॉर्ड केलेला, मागे कुणाचं तरी पोर रडत होतं. "ह्या बग, ह्या आमच्या बाया. आता भगीरथला आल्यावर दुसरी फेरी माराया लावते. घाई कुनाची नाय, जिवलीचीच होती." घाई कुणाची नाही, या शब्दांनी अक्षदाच्या खांद्यावरून मोठं ओझं उतरलं. एक राहिलं. ते मात्र सगळ्यात जड होतं, आणि त्याच्यासाठी आता लॅपटॉपवर करण्यासारखं काही नव्हतं. ती परत परातीपाशी येऊन बसली.

'नाय' नाही, 'नाही' म्हणायचं. चौथीतले गुरुजी घाटावरचे होते, माणूस प्रेमळ, पण भाषेच्या बाबतीत हट्टी. रोज सकाळी हजेरीनंतर ते एकेकाला उभं करून विचारत, गृहपाठ केला का, आणि पोरं म्हणत, नाय. गुरुजी म्हणत, 'नाय' नाही, 'नाही'! पोरांना वाटे गुरुजींचीच बोबडी वळली. अक्षदाने ते एका दिवसात उचललं. शाळेत 'नाही', घरी 'नाय'. घरी चुकून 'नाही' गेलं तोंडातून तर आई भाकरी थापता थापता म्हणायची, "शेरातली बाय आली गो माझी, हिला ताट वाढा." जिवलीला मात्र ते काही केल्या जमेना, किंवा जमवायचं नव्हतं. गुरुजींनी तिला एकदा वर्गापुढे उभं केलं, म्हणाले, म्हण, नाही. जिवलीने बराच वेळ विचार केला आणि खरं सांगून टाकलं: "गुरुजी, मला नाही नाय येत." वर्ग हसून लोळला. गुरुजी इतके हसले की त्यांना चष्मा काढून पुसावा लागला, आणि त्या दिवसापासून त्यांनी जिवलीचा नाद सोडला. अक्षदाला तेव्हा मनातून थोडा हेवा वाटला होता. आपण बरोबर म्हणत होतो, तरी सगळे जिवलीकडेच बघत होते.

पुढे कल्याणच्या कॉलेजात गेल्यावर 'नाही' पक्कं बसलं. नोकरीच्या मुलाखतीत, सासरी, मीटिंगमध्ये, कुठेही 'नाय' बाहेर पडलं नाही. तिला वाटत होतं, गेलं ते, लहानपणी पायात रुतलेल्या काट्यासारखं कधीतरी आपोआप निघून गेलं. आणि ते तर आतच होतं, इतकं आत की लिहिलेलं समोर आलं तरी परकं वाटलं नाही. याचं तिला वाईट वाटायला हवं होतं बहुतेक. तिला बरं वाटत होतं. भीती अजून पुरती गेली नव्हती, तरी तिच्या खाली कुठेतरी हे बरं वाटणं येऊन बसलं होतं.

तिने परात पुढे ओढली. मूठभर तांदूळ एका बाजूला सारायचा, पसरायचा, खडा दिसला की उचलायचा. आईने शिकवलेलं. निवडायचं म्हणतो आपण, तांदूळ निवडायचे, पण निवडतो खडे. तांदळाचा दाणा न् दाणा तपासून, हा तांदूळ, हा तांदूळ, असं म्हणून कुणी वेचत नाही. कुणी तसं करायला गेलं तर तुटका दाणा जाईल, कणी जाईल, सालीसकट राहिलेला जाईल, आणि संध्याकाळी ताटात भाताऐवजी नुसता शहाणपणा येईल. खडा तेवढा काढायचा. बाकीचं सगळं आपलं, तुटकं असो, वाकडं असो. लहानपणापासून हे तिचे हात करत होते, आणि डोक्याने ते एकदाही हातांना विचारलं नव्हतं.

परात संपली. खडे खिडकीच्या कठड्यावर छोट्या ढिगात पडले होते. खाली सोसायटीच्या आवारात कुणीतरी गाडी धूत होतं, गाण्याचा आवाज येत होता. आता भगीरथ वळणावर पोचला असेल. नसेल पोचला. वाटेतल्या म्हसा गावच्या बाजाराची गर्दी असेल. आज बाजार नसतो. तिने भगीरथला फोन लावला नाही, कारण लागणार नाही हे ऐकायचं नव्हतं. तिने आईलाही केला नाही. ती फक्त बसून राहिली, बाजूच्या पोत्यातल्या तांदळात हात खुपसून, कोपरापर्यंत. नवा तांदूळ आतून गार असतो.

फोन वाजला. चंद्रकलाताई.

"आली," त्या म्हणाल्या. "आली बाय. भगीरथ तिकडनं फोन करनार कसा, आनलीच सरळ. इथं खाटेवर बसून भाकरी खातेय. डॉक्टरनी तपासलं, बाळाचे ठोके बेस हायेत. रडू नको गो. ही घे, तिला बोलायचंय बोलते."

पलीकडे भाकरी चावल्याचा आवाज, मग, "काय गो अक्षदा, माझं नाव खाल्लंस का?"

"जिवले," अक्षदा म्हणाली. "तू वळणावर होतीस? एवढा वेळ?"

"उभी राहून पाय दुकले. मंग बाजूला पेंढ्याची गंज होती, त्याच्यावर आडवी झाले. झोपच लागली. भगीरथदादानी हॉरन मारमारून उठवली. घरी असलं झोपाया मिलत नाय."

अक्षदा हसली. "दुखत नाय ना कुठं? कळा-बिळा?"

"नाय."

"नक्की नाय?"

"नाय गो. किती येळा सांगू?" मग जिवलीचा आवाज आला तो चौथीच्या पट्टीवरून आल्यासारखा, लबाड. "थांब, तू 'नाय' बोललीस! आता दोनदा बोललीस. सांगू का गुरुजींना?"

"सांग," अक्षदा म्हणाली. "मी नाय घाबरत."